साहेबांच्या वजनाचा स्क्रू

तुमच्याही ऑफिसात असा एखादा उत्साही माणूस असेलच, ज्याला स्वतःच्या कामापेक्षा दुसऱ्याच्या तब्येतीची काळजी जास्त! वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये हा मान साहेबांकडे होता. दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे बिघडलेले काटे तिथे यायचे आणि बरे होऊन जायचे. एक दिवस साहेबांच्या मनात आलं, एवढे काटे घरात असताना माणसं का सोडायची? झालं! दर सोमवारी सकाळी सगळ्यांनी गोदामाच्या मोठ्या काट्यावर रांगेने उभं राहायचं. साहेब आकडा माइकवर वाचणार आणि भिंतीवरच्या तक्त्यात भरणार. घटला तर हिरवा, वाढला तर लाल. योजनेचं नाव ‘हलका सोमवार’.

काट्याजवळ उभी असायची काटेबाई. बिघडलेल्या काट्याला नुसता कान लावून ती त्याचं दुखणं सांगायची, म्हणून सगळे तिला याच नावाने हाक मारत. तिचं स्वतःचं दुखणं मात्र बारा वर्षांत कोणाला ऐकू आलं नव्हतं. तक्त्यात तिच्यापुढे ओळीने लाल. त्या भीतीने ती शनिवारपासूनच जवळजवळ उपाशी राहायची. सोमवारी आकडा वाचला गेला, चार लोक फिदीफिदी हसले, की ती पॅकिंगच्या खोलीत खोक्यांमागे जायची आणि खायची. भूक म्हणून नाही, चव म्हणून तर नाहीच. पाव, बिस्किटं, कोणाचा तरी उरलेला केक. पोट दुखायला लागलं तरी हात थांबायचा नाही. मग रडू, मग तोंड धुणं, मग ‘उद्यापासून तोंडाला कुलूप’ अशी शपथ. असली कुलपं तिने किती लावली याला गणती नव्हती.

अशातच एका बिस्किट कारखान्याचा काटा दुरुस्तीला आला. सोबत चाचणीसाठी बिस्किटांची बारा पाकिटं. काटा दुपारपर्यंत दुरुस्त झाला आणि पाकिटं संध्याकाळपर्यंत संपली! काटेबाईला घाम फुटला. पण हाताला कला होती ना! तिने बाराही पाकिटांत नट, बोल्ट आणि वॉशर भरले, वजन अगदी केसाएवढंही इकडेतिकडे नाही, आणि सफाईने चिकटवून टाकली.

कारखान्याचे मालक काटा न्यायला आले ते खुशीतच. “वा, वजन बरोब्बर! साहेब, चहा मागवा, आमचीच बिस्किटं खाऊ.” त्यांनी पाकीट फोडलं आणि चार वॉशर टुणकन साहेबांच्या कपात पडले.

एवढं अचूक वजन भरणारे हात वर्कशॉपात एकाच बाईचे, म्हणून मालक गेल्यावर साहेबांनी काटेबाईकडे बघत माइक हातात घेतला. “मंडळी, आपल्याकडे आजवर ट्रकचा काटा नव्हता. आता आहे. बारा पाकिटं एका दमात!”

सगळं वर्कशॉप हसलं. त्या दिवसापासून साहेब तिला ट्रककाटाच म्हणायला लागले. “काय ट्रककाटा, आज काय उतरवलंत?” “ट्रककाटा, दारातून सरळ या, आडव्या नका येऊ.” काटेबाई मान खाली घालून पाना फिरवत राहायची आणि मनात म्हणायची, थांबा साहेब, तुमचाही सोमवार येईल.

आणि तो तिने आणलाच.

मोठ्या काट्याच्या बाजूला शून्य जुळवायचा एक छोटा स्क्रू असतो. काटा सांभाळायचं काम तिचंच. साहेब नेहमी पहिले उभे राहायचे, हिरव्या रंगाची त्यांना फार हौस. पुढच्या सोमवारी त्यांच्या आधी तिने तो स्क्रू जरासा फिरवला. साहेब चढले, आकडा बघितला, डोळे चोळले. लाल! ते उतरले तशी तिने निर्विकार चेहऱ्याने स्क्रू परत जागेवर आणला.

मग दर सोमवारी थोडा थोडा जास्त. काय गोड आठवडे होते ते! साहेबांनी आधी साखर सोडली, मग नाश्ता सोडला, मग जेवण. जिना पळत चढायला लागले. काट्यावर चढण्याआधी घड्याळ काढलं, पट्टा काढला, चष्मा काढला. चष्म्याशिवाय आकडाच दिसेना, म्हणून तो परत घातला आणि मोजे काढले. एका सोमवारी तर चक्क मिशी उतरवून आले! वीस वर्षांची मिशी! आणि त्या आठवड्यात त्यांचं वजन सगळ्यात जास्त वाढलं. काटेबाई पंख्याकडे तोंड करून उभी राहिली, नाहीतर हसू बाहेर आलं असतं.

पण शिक्केकाकांच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. दुरुस्त झालेल्या काट्यांना सील ठोकणारा हा म्हातारा माणूस बोलायचा कमी. त्या दिवशी डबा घेऊन तिच्या शेजारी बसला.

“पोरी, स्क्रू किती फिरवणार आहेस अजून?”

तिने घास परत डब्यात ठेवला. “कुठला स्क्रू, काका?”

“मला नको शिकवूस. आणि खोक्यांमागचे बिस्किटांचे कागद मीच उचलतो रोज. उंदीर एवढे नीट घड्या घालत नाहीत.”

काटेबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “मग सांगा सगळ्यांना! आणखी हसू दे!”

“माझ्या बायकोला हेच होतं,” काका म्हणाले. “मीही ओरडायचो, कपाटाला कुलूप लावायचो. शेवटी डॉक्टरांनी मलाच झापलं. मला सांग, काटा चुकीचा आकडा दाखवायला लागला, तर आपण त्याला चार लोकांत लाज आणतो का? उघडतो ना? नाही जमलं तर जाणकाराकडे नेतो. मग स्वतःला का नेत नाहीस?”

“नेईन. आधी त्यांना पुरतं रडवू दे.”

“सूड घेतेयस, घे. पण त्याने तुझं खाणं कमी झालं का?”

काटेबाईने डबा बंद केला. कमी कुठलं, दुप्पट झालं होतं.

पुढच्या सोमवारी तिने स्क्रू आजवरचा सगळ्यात जास्त फिरवला. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. आकडा त्यांनी वाचलाच नाही, बाकीच्यांची वजनं तशीच टाकून कुठेतरी निघून गेले. जिंकली! काटेबाई विजयाच्या धुंदीत पॅकिंगच्या खोलीत शिरली, खोकं बाजूला सारलं आणि तिथेच थिजली.

साहेब जमिनीवर बसले होते. दोन्ही हातांत पाव, शर्टावर चुरा, गाल फुगलेले. गिळत होते आणि रडत होते.

“बाई, कोणाला सांगू नका हो,” त्यांनी कसंबसं तोंड मोकळं केलं. “दोन महिने झाले. दिवसभर काही खात नाही, आणि एकदा सुरू झालं की थांबताच येत नाही. माझा हात माझं ऐकत नाही.”

त्या खोलीच्या दारातही एक माइक होता. मालाच्या सूचना तिथूनच दिल्या जायच्या. काटेबाईने तो उचलला, बटण दाबलं. बाहेर खट्ट आवाज झाला आणि सगळी कामं थांबली. साहेबांनी पाव खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले. आता नुसतं एक वाक्य! ट्रककाट्याचा सगळा सूड एका वाक्यात!

पण ते डोळे मिटणं तिच्या ओळखीचं होतं. दर सोमवारी आकडा वाचला जाण्याआधी ती असेच डोळे मिटायची. अरे देवा! हा आजार मी माझ्या हाताने स्क्रू फिरवून याला दिला!

“मंडळी,” ती म्हणाली, “दोन महिने साहेबांचं वजन वाढलेलंच नाही. मी स्क्रू फिरवत होते. आणि ती बारा पाकिटं मीच खाल्ली, ते तुम्हाला माहीतच आहे. पण मी खादाड नाही. मला थांबता येत नाही. मी आत्ता डॉक्टरांकडे चालले आहे. रजेचा अर्ज उद्या देते.”

कोणी हसलं नाही.

शिक्षा झालीच. सहा महिने तिला काट्यांना हात लावायचा नव्हता, नुसते स्क्रू निवडत बसायचे. एकेक स्क्रू हातात आला की शिक्केकाका लांबून खाकरायचे. तक्ता मात्र दुसऱ्या दिवशी भिंतीवर नव्हता. कोणी काढला, कोणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी तिला सांगितलं, “याला नाव आहे आणि यावर उपचार आहेत. तुमचं मन दुबळं आहे असं कोणी म्हटलं तर माझ्याकडे पाठवा.” मग म्हणाल्या, “पहिलं औषध, उपाशी राहायचं नाही. ठरलेल्या वेळी पोटभर खायचं.” काटेबाईला आधी वाटलं, डॉक्टरीणबाईच बिघडल्यात. पण दर गुरुवारी ती समुपदेशकांकडे जायला लागली. बोलायला लागली. खोक्यांमागे जाणं कमी कमी झालं. मध्ये एकदा घसरली, खूप खाल्लं. पण या वेळी शपथ घेतली नाही, दुसऱ्या दिवशी उपासही केला नाही. समुपदेशकांना फोन केला आणि वेळेवर जेवली.

एक दिवस दुपारी साहेब तिच्या टेबलाशी येऊन घुटमळले. मिशी परत अर्धीमुर्धी उगवली होती.

“बाई, त्या तुमच्या डॉक्टरांचा नंबर जरा…”

“कोणासाठी?”

“आहे एक मित्र.”

“मित्राला म्हणावं, स्वतः येऊन माग.” ती स्क्रू निवडत राहिली.

साहेब गेले. दारापर्यंत जाऊन परत आले. “माझ्या मेहुण्याला हवाय.”

“मेहुण्यालाही तेच सांगा.”

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला, कपाळ पुसलं. आणि इतक्या हळू, की कान लावून दुखणं ऐकणारीलाच ऐकू यावं, म्हणाले, “मला. मला मदत हवी आहे.”

काटेबाईने खिशातून कागद काढून दिला. नंबर लिहून चार दिवस तयार ठेवला होता. पण हे वाक्य तिला स्वतःला म्हणायला बारा वर्षं लागली होती, साहेबांना तो घाम तरी फुटू दे! तेवढा सूड मात्र तिने मनापासून घेतला.

तर मंडळी, खाण्यावरचा ताबा सुटणं हा आजार आहे. तो हसून बरा होत नाही, लाजवून बरा होत नाही, आणि उपाशी राहून तर आणखी वाढतो. ज्याला आहे त्याने मोकळेपणाने सांगावं, ज्याला सांगितलं त्याने तोंड मिटून ऐकावं. आणि इतकं कळूनही ज्याला दुसऱ्याच्या अंगावर विनोद सुचतच असतील, त्याने काटेबाईच्या वर्कशॉपसमोरून जरा जपून जावं!