बरणीवरचं रहस्य

लोंकी गावात लेओकाडियाबाईंना पाद्रीबुवासुद्धा वचकून असत, मग बाकीच्यांची काय कथा! गावातल्या वीस बायकांचा 'गुलाब', म्हणजे वाटून रोझरी म्हणणारा गट, त्यांच्या ताब्यात होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेची उपासना झाली की बाई प्रत्येकीच्या हातात एक चिठ्ठी ठेवत. चिठ्ठीवर रोझरीच्या जपातलं एक 'रहस्य', म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग, असे: कुणाला येशूचा जन्म, कुणाला काट्यांचा मुकुट. त्याचं मनन करत रोज एकदा 'आमच्या बापा' आणि दहादा 'नमो मारिया' म्हणायचं. वीस जणींचं मिळून रोज अख्खी रोझरी पुरी व्हायची. एकीनं कुचराई केली की सगळंच मुसळ केरात.

तीन वर्षं हा गुलाब सेव्हेरिनसाठी चालला होता. सेव्हेरिन म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा, नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात कामाला. तिथं त्यानं चर्चमध्ये लग्न न लावताच एकीबरोबर संसार थाटला. "माझा उंबरा चढू नकोस," बाईंनी बजावलं. पोरगं हट्टाला आईवरच गेलेलं. चढलं नाही. फोनही बंद. बाई चारचौघांत कधी रडल्या नाहीत, पण पोराच्या आठवणीनं आतून पार पोखरून निघाल्या होत्या.

त्या रविवारी भावजय झिता गुडघा धरल्यामुळे मिस्सेला आली नाही, म्हणून बाई स्वतःच चिठ्ठी घेऊन तिच्या घरी गेल्या. झिता मागं लाकडं आणायला गेलेली. समोर फळीवर बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीवर कागद चिकटवलेला: 'बीट', 'आंबवलेला कोबी', 'आलुबुखार'. बाईंनी काकड्यांची बरणी सहज उजेडाकडे धरली. पाण्यातून कागदाची मागची बाजू दिसली. त्यांचंच वळणदार अक्षर: 'येशूचा जन्म'. बिटावर 'काट्यांचा मुकुट'. कोबीवर 'स्वर्गारोहण'.

झिता मोळी घेऊन लंगडत आत आली, तेव्हा बाई लालबुंद झाल्या होत्या.

"हे काय गं? चिठ्ठ्या बरण्यांना?"

"कागद चांगला जाड असतो, वन्सं. टाकायला जीव होत नाही."

"आणि रोझरी? ती तरी म्हणतेस ना?"

झितानं लाकडं खाली ठेवली. तिला खोटं बोलता येत नसे, हीच तर पंचाईत. "सुरुवातीला म्हणायचे. पण तिसऱ्या 'नमो मारिया'ला मध्येच काहीतरी आठवायचं, मग त्याच्याशी बोलतच बसायचे. गाय आटली, छप्पर गळतंय, असंच."

"कुणाशी?"

"देवाशी. अजून कुणाशी?"

"किती वर्षं?"

"अकरा असतील."

बाई बाकावर बसल्या. अकरा वर्षं रोझरीला भोक! "माझं पोरगं परत येईना ते तुझ्यामुळे, भवाने! एकोणीस जणी घसा कोरडा करताहेत आणि तू गायीचं पुराण सांगत बसलीस? आजपासून गुलाबातून बाहेर!"

"बरं," झिता म्हणाली. "पण सेव्हेरिनचं मी रोज सांगते हो त्याला."

"काय सांगतेस?"

"म्हटलं, देवा, पोराला घरी आण. तर मला वाटलं, तो म्हणतोय, मला काय सांगतेस? फोन लेओकाडियाकडे आहे. तिच्या हाताला लकवा भरलाय का?"

बाईंनी हळूच विचारलं, "माझं नाव घेतलं? लेओकाडिया असंच म्हणाला?"

"असंच."

"मग मला सांगितलं का नाहीस, मेले?"

"तुमची भीती वाटते, वन्सं. त्याची नाही वाटत."

बाई उठल्या, पुन्हा बसल्या. पिशवीतून फोन काढला. नंबर तोंडपाठ होता. तीन वर्षांत जपमाळ किती वेळा ओढली असेल, पण हा नंबर एकदाही लावला नव्हता. पलीकडे घंटी वाजू लागली. काय बोलायचं? लेकराशी काय बोलायचं असतं? आयुष्यात स्वतःचं म्हणून एक वाक्य त्यांनी देवाला ऐकवलं नव्हतं, पोराला कुठून ऐकवणार?

"हॅलो," पलीकडून आवाज आला.

बाईंच्या तोंडून सवयीनं निघालं ते एवढंच: "नमो मारिया, कृपापूर्णे..." आणि त्या थेट अर्ध्यापर्यंत जाऊन थांबल्या, रोझरीत पुढचं दुसऱ्यानं म्हणायचं असतं तशा.

झितानं कपाळावर हात मारला.

मग पलीकडून जाड्याभरड्या आवाजात, लहानपणी जेवणाआधी प्रार्थना उरकायचा तसं भराभर, सेव्हेरिननं पुढचं अर्धं म्हटलं, थेट 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी, आमेन'पर्यंत. आणि घाबरून विचारलं, "आई? कोण गेलं?"

"कुणी नाही रे," बाई म्हणाल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुसायचं भान नव्हतं. "सहजच केला."