अनंत ओळखण्याची रीत

१. पान मोडावं. देठातून दुधासारखा पांढरा चीक आला, तर ती तगर. नाही आला, तर २ वर जावं.

स्वप्नालीला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. तिची आई, माई, गेल्यावर तिनं देवासच्या वहिनीकडे एवढंच मागितलं होतं: परसातल्या माईच्या अनंताचं कलम. पाटल्या नकोत, पैठणी नको. राजनंदिनीवहिनीनं कुंडी पाठवली. धारच्या गच्चीवर स्वप्नालीनं ती दोन वर्षं जिवापाड जपली आणि पहिली कळी आली तेव्हा माईच्या मैत्रिणींना फराळाला बोलावलं. फूल उमललं. पांढरं, दुहेरी, गुबगुबीत. म्हाताऱ्या एकेक करून वाकल्या, त्यांनी हुंगलं, आणि मग एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अगं, ही तर तगर! हिला कुठला आलाय वास?"

फोनवर वहिनी खदखदून हसली. "वन्सं, पूरे दो साल पाणी घातलंत? कमाल आहे! मला वाटलं, आठ दिवसांत ओळखाल."

२. चीक नाही. पानं समोरासमोर, गडद, चकचकीत. फूल आज पांढरं, परवा लोण्याच्या रंगाचं. वास खोलीभर. हा अनंत, इथली माणसं गंधराज म्हणतात.

हे ती भगवंतकाकांच्या नर्सरीत शिकली. दर रविवारी जायची. माळव्याची काळी माती आणि बोअरचं जड पाणी अनंताला सोसत नाही, हेही तिथंच कळलं. पानं पिवळी पडली की कुजलेल्या पानांचं खत, पावसाचं पाणी आणि लोहासाठी चिमूटभर हिराकस. चुना मात्र कधीच नाही. चुना घातला की झाड भुकेनं मरतं.

तिनं हे पाठ केलं आणि वाट पाहिली.

३. पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या.

जूनमध्ये वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. "बघा ना वन्सं, सासूबाईंचं झाड. लोक म्हणतील, सुनेनं घालवलं. तुम्ही आता एक्सपर्ट झालात म्हणे."

स्वप्नालीनं पान पाहिलं. क्षणभरही थांबली नाही.

"चुना घाला. आठवड्याला दोन मुठी. आणि रोग वरून उतरतो, तेव्हा हिरवे शेंडे कापून माझ्याकडे पाठवा. तपासते."

बरोबर चौथ्या दिवशी प्रतापदादा ओल्या फडक्यात गुंडाळलेले अकरा शेंडे घेऊन आला. वर म्हणाला, "तुम्हा दोघींचं जुळलं, बरं वाटलं." स्वप्नालीनं त्याला दोनदा पोहे वाढले.

४. कलम लागलं का? हलकेच ओढावं. अडलं तर मूळ धरलं.

पहिल्या आठवड्यात तीन काळी पडली. मग चार. राहिलेल्या चारांवर तिनं प्लास्टिक घातलं, सावली केली, शिकवणं संपलं की शाळेतून धावत घरी यायला लागली. देवासला फोन केला की आधी विचारायची, "चुना चालू आहे ना?" वहिनी म्हणायची, "हो हो. पण पानं गळताहेत." ते ऐकून स्वप्नालीला रात्री छान झोप लागायची.

सहाव्या आठवड्यात तिनं शेवटचं कलम ओढलं. ते अलगद हातात आलं. खाली मूळ नव्हतं, नुसता चिखल.

आता माईचा अनंत जगात एकाच ठिकाणी होता, आणि तिथं वहिनी तिच्याच सांगण्यावरून त्याला मारत होती.

५. इथं ओळखण्यासारखं काही नाही.

"वहिनी, चुना बंद करा. मी खोटं सांगितलं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली आणि वहिनीनं गॅस बंद केला.

"जानबूझकर?"

"हो."

"शोभता खऱ्या माझ्या नणंद." वहिनीचा आवाज थंड होता. "खोडाजवळ एक फांदी अजून हिरवी आहे. या, जगवून द्या. पण कलमाचं नाव काढलंत, तर उंबऱ्यावरून परत पाठवीन."

"नाही काढणार."

इंदूरमार्गे देवासला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये स्वप्नाली पानांच्या खताचं पोतं पायाशी घेऊन बसली होती. पर्समध्ये हिराकसची पुडी होती, तिच्याखाली ओलं फडकं आणि नवी कात्री. झाड आधी जगवायचं. मग कधीतरी वहिनी चहा ठेवायला आत जाईलच. तेवढा वेळ पुरे होता.