लंडनमधलं भाषण

हॅमो रंगाऱ्यानं टोपी काढली, पण राजाच्या कारकुनानं वर बघितलंसुद्धा नाही. समोर शपथ घेतलेले बारा गाववाले बसले होते. बंडखोर अर्लला, म्हणजे राजावर उठलेल्या त्या बड्या सरदाराला, कोण कोण सामील होतं, हे त्यांनीच सांगायचं होतं.

"हा गेला होता लंडनला," त्यांच्यातला ऑस्बर्ट खाटीक म्हणाला. "अर्लच्या पार्लमेंटात."

हिवाळ्यात राजा अर्लच्या कैदेत होता आणि अर्लनं शहराशहरांतून दोन-दोन माणसं बोलावली होती. जायला कुणीच तयार नव्हतं. शेवटी याच बाराजणांनी एकट्या हॅमोला हरभऱ्याच्या झाडावर चढवून पाठवलं. ऑगस्टात अर्ल लढाईत मारला गेला आणि आता त्यातल्या एकालाही काही आठवत नव्हतं. निर्लज्ज मेले!

"नुसतं जाणं गुन्हा नाही," कारकून म्हणाला. "बोलावणं राजाच्या शिक्क्याचं होतं. पण तिथं अर्लच्या बाजूनं बोलला असशील, तर घर जप्त. बोललास का रे?"

"विचारता काय सरकार!" ऑस्बर्टच मध्ये बोलला. "ईस्टरपासून गुत्त्यात रोज याच्याच तोंडून तेच ऐकतोय आम्ही. हा उभा राहिला आणि सगळे सरदार गप्प झाले म्हणे!"

हॅमोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. खरं तर लंडनला महिनाभर तो दाराजवळच्या बाकावर नुसता बसून होता. सरदार बोलले, बिशप बोलले. त्याच्याशी एकच जण बोलला, तोही वारा येतोय, दार लाव म्हणून.

"अहो, बोलला नव्हतात ना?" मागून त्याची बायको वायमार्क कळवळून म्हणाली. "सांगा ना तसं. घर जाईल आपलं."

"म्हणजे नुसता बसून आलास होय रे?" ऑस्बर्टनं मांडीवर थाप मारली. "वा रे आमचा प्रतिनिधी!"

बाराही जण पोट धरून हसले. हॅमो त्यांच्याकडे बघत राहिला.

"बोललो," तो म्हणाला.

वायमार्कनं डोळे मिटले.

"काय बोललास?"

"ज्या गावानं कर द्यायचा, त्याला आधी विचारावं. राजानं विचारावं, अर्लनंही विचारावं. आणि विचारलं, तर ऐकावं. शोभेला आणून बसवू नये."

हसणं थांबलं होतं. कारकून खाली मान घालून भराभर लिहीत होता.

"जरा सावकाश," तो म्हणाला. "ऐकावं, पुढे काय म्हणालास?"

हॅमोनं पुन्हा सांगितलं.