पांढऱ्या चकतीवरचा अंगठा

मी बोलतेय, पण हळू. सवय नाही. मी एक पांढरी चकती, तळहातावर मावेल एवढी. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत जनावरांचं खाद्य तपासायचं यंत्र आहे, त्यात माझा मुक्काम होता.

ते यंत्र ढेपेवर, म्हणजे गुरांच्या पेंडीवर, उजेड टाकतं आणि परत आलेल्या उजेडावरून सांगतं, यात सत्त्व किती, भुसा किती. पण रोज सकाळी तो उजेड आधी माझ्यावर पडायचा. पांढरं म्हणजे काय, हे त्याला माझ्याकडून कळायचं. मग दिवसभर तो ढेपेच्या संगतीत. माझी आठवण दुसऱ्या दिवशी.

मला हात लावायचा नाही, असा नियम होता. तो पाळणं कुणाला जड गेलं नाही.

मयुरा आली तेव्हा तिच्या हातावरची मेंदी पुरती उतरली नव्हती. लग्न करून नागपूरच्या नंदनवन वस्तीत आलेली, नोकरीतही नवी. डबा एकटीच खायची. "करमते का वं इथं?" असं कुणी विचारलं तर "हो" म्हणायची. एवढ्या छोट्या उत्तरानंतर दुसरा प्रश्न येत नाही, हे तिला ठाऊक असावं.

एकदा सावनेरहून रंभाबाई सरकीच्या ढेपेचा नमुना घेऊन आल्या. नवं पोतं फोडल्यापासून त्यांची म्हैस आटली होती. मुलाने ती विकायला काढली होती. संध्याकाळी व्यापारी न्यायला येणार होता.

यंत्राने ढेप चांगली ठरवली.

"मशीन खोटं बोलते का, मावशी?" मयुराचे साहेब, स्वानंद, म्हणाले. "म्हैसच म्हातारी झाली असंन."

"म्हैस दुसऱ्या वेताची हाय. म्हातारी मी झाली." रंभाबाईंनी पिशवी उचलली.

"सर, परत लावून पाहू का?" हे मयुराचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य.

"कशाले?"

"सकाळपासून एकाचीही ढेप खराब नाही निघाली."

"मंग चांगलंच आहे ना."

ज्याचे आकडे आधीच माहीत होते, असा डब्यातला नमुना मयुराने यंत्राला दाखवला. त्याचेही आकडे चुकीचे आले. मग तिने मला बाहेर काढलं. माझ्यावर तर्री-पोह्याच्या तेलाचा अख्खा अंगठा उमटला होता. साहेबांनी आपला अंगठा पाहिला आणि खिशात घातला.

रंभाबाई दारात चप्पल घालत होत्या. मऊ कापड शोधायला वेळ कुठला? मयुराने नव्या ओढणीनेच मला खसाखसा पुसलं, पुन्हा उजेडासमोर ठेवलं आणि ढेप परत लावली. सत्त्व हवं त्याच्या निम्मं, बाकी सरकीची टरफलं.

"मावशी, थांबा," ती मोठ्याने म्हणाली. "म्हैस विकू नका. ढेप बदला."

रंभाबाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला. "त्या व्यापाऱ्याले चहा पाज अन् वापस धाड."

म्हैस राहिली. मी नाही. ओढणीच्या जरीने माझ्यावर ओरखडा उठला, आणि ओरखड्याचं पांढरं उजेडाला चालत नाही. आठवड्यात नवी चकती आली.

आता मी खणात आहे, जळालेल्या बल्बांच्या शेजारी. ते फारसं बोलत नाहीत. बाहेर मयुराचा आवाज हल्ली जरा जास्त येतो. तिची माझी ओळख होती, असं मी धरून चालते. तिला विचारलेलं नाही.

खण कधी उघडलात, तर घाईने लावू नका. थोडा उजेड आत येऊ द्या. काही तपासायला नाही, असाच.