छत्तीसशेची जोडी

कॉम्प्युटरच्या दुकानदारानं ताईला वेड्यातच काढलं होतं. "चव्वेचाळीसशे वेगाची मेमरी घ्या हो, तिला दिवेसुद्धा लागतात," तो सांगत होता, तर हिचं एकच पालुपद, छत्तीसशे. प्रोसेसरला झेपेल तेवढाच वेग द्यायचा. त्याच्यावर गेलं की मशीन अडखळतं, खाली आलं की रेंगाळतं. आणि दिवे काय चाटायचेत? महिनाभर वाचून, चार जाणकारांचं डोकं खाऊन तिनं जोडी निवडली. मेमरीच्या दोन काळ्या पट्ट्या, एकाच खोक्यातल्या, एकमेकींशी जुळवून पारखलेल्या. मग घरी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर जोडला आणि आठवडाभर रगडून बघितला. त्यानं हूं की चूं केलं नाही.

हे तिच्या हातचं पहिलं मशीन धाकट्या भावाच्या, सोन्याच्या ऑफिसात जायचं होतं. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका बाईंकडे तो कामाला होता. बाईंनी स्वच्छच सांगितलं होतं, हे नीट चाललं तर बाकीचे सगळे कॉम्प्युटर तुम्हीच जोडायचे. नोकरी सुटल्यापासून ताईचा जीव ह्या एका कामावर टांगलेला होता. "एवढी शिकून आता स्क्रू पिळत बसणार का?" ही घरातली टकळी तिला एकदाची बंद करायची होती.

आणि बाईंनी गिऱ्हाइकासमोर मोठा नकाशा उघडला, तेव्हाच मशीन थिजलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा थिजलं. झाली ना शोभा!

फोनवर ताई रडकुंडीला आली. "सोन्या, माझंच चुकलं रे. वेग जास्त धरला मी. बत्तीसशेवर थांबायला हवं होतं. माझ्यामुळे तुझी मान खाली गेली. माफ कर मला."

मग सोन्या म्हणाला, "असू दे, ताई. होतं असं. मी समजावीन बाईंना."

किती गुणाचा भाऊ माझा, असं वाटून तिला आणखीच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात पोचली, तर सोन्या दारातच आडवा. "येऊ नको म्हटलं होतं ना! घरी घेऊन जा ते मशीन. इथे उघडू नको, बाई चिडतील."

"अरे, चिडल्याच आहेत त्या. आणखी किती चिडणार?" ताईनं पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि मशीनचं बाजूचं झाकण उघडलं.

आत एक काळी पट्टी होती. शेजारी दुसरी मात्र हिरवी, उघडीबोडकी, कडेला धूळ बसलेली. ताईनं ती उपसली आणि डोळ्यांजवळ नेऊन लेबल वाचलं. बत्तीसशे. बिचारीला छत्तीसशेच्या वेगानं पळवलं जात होतं, मोठा नकाशा आला की तिला धाप लागणारच.

"सोन्या, ही कुणाची?"

तो भिंतीकडे बघायला लागला. लहानपणापासूनची खोड. चोरी पकडली की ह्याला भिंत आवडते.

"माझ्या घरच्या कॉम्प्युटरमधली," तो पुटपुटला. "गेम अडकायचे गं सारखे, म्हणून तुझी तिकडे लावली. हीसुद्धा सोळा जीबीचीच आहे, म्हटलं काय फरक पडतो?"

"कधी बदललीस?"

"मशीन इथे आणलं, त्याच संध्याकाळी."

म्हणजे ती फोनवर रडत होती, तेव्हा ह्याला सगळं ठाऊक होतं. पट्टीचं ताईला एवढं वाटलं नाही. मागितली असती तर दिली असती, आजवर काय नाही दिलं ह्याला? पण केसानं गळा कापायचा आणि वर तिलाच मोठ्या मनानं माफ करायचं?

"मी माफी मागितली तुझी," ती म्हणाली. "आणि तू 'असू दे' म्हणालास!"

"घाबरलो गं. बाईंना कळलं तर नोकरी जाईल माझी. त्यांना वाटतंय तुझी निवड चुकली, तर वाटू दे ना. तुला काय, दुसरं काम मिळेल." मग आवाज खाली आणून, "चुकलं माझं, ताई. माफ कर."

आणि तो थांबला. 'असू दे'ची वाट बघत. काच फोडली तेव्हा, परीक्षेत नापास झाला तेव्हा, दर वेळी त्याला ते मिळालं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणत ताई गिळत आली होती. आत्तासुद्धा शब्द तिच्या ओठांवर आलाच होता, मेला सवयीचा.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाई बाहेर आल्या. "काय, सापडलं का? वेगच चुकीचा निवडला होता ना?"

सोन्यानं टेबलाआडून ताईचं मनगट घट्ट धरलं.

ताईनं हात सोडवून घेतला आणि हिरवी पट्टी बाईंच्या पुढ्यात ठेवली. "वेग बरोबर निवडला होता. ही पट्टी मी बसवलेली नाही. मी बसवलेली कुठे आहे, ते ह्याला विचारा."

"ताई..." सोन्या म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती भिंतीकडे बघत राहिली.