दारातला सूर

"हं, ठेवा बोट. छेडते मी."

तिनं गिटार नवऱ्याच्या मांडीवर नीट टेकवली आणि त्याच्या उजव्या अंगाला खेटून बसली. त्याचा उजवा हात कुणी विसरून गेल्यासारखा गादीवर पडला होता. अर्धांगाच्या झटक्यानं तो हात नेला आणि वाचाही नेली. डावा तेवढा शाबूत. म्हणून तार दाबायची त्यानं आणि छेडायची तिनं. दोघांत मिळून एक वाजवणारा.

उभा जन्म त्यानं या पुढच्या खोलीत मुलांना गिटार शिकवली. अख्खी गल्ली त्याला सर म्हणे. चिडवायचं असलं की तीही म्हणे. "दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक," हा त्याचा पाढा. एका तारेवर बोट दांडीवरच्या पट्ट्यांमधली तितकी घरं पुढे सरकवत नेलं की आठ सुरांची शिडी पुरी होते. मागच्या खोलीत गिऱ्हाइकांचे कपडे शिवता शिवता तिलाही तो तोंडपाठ झाला होता. सातव्या सुरावर कुणी थांबलं की सर खेकसायचे, "अरे, पाहुणा दारात उभाय! ताटकळत ठेवतोस होय? घे त्याला घरात!"

आता त्याच्यापाशी एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी "परत", उशी टोचली तरी "परत". मुलांना लाख वेळा सांगितलेला शब्द तेवढा जिभेला चिकटून राहिला होता. हसावं की रडावं, तिला कळत नसे.

शिडी पुरी झाली की आपला माणूस आपल्याला मिळाला, असं तिनं मनाशी धरलं होतं. थोरली नणंद म्हणालीही, "अगं, कशाला छळतेस त्याला?"

"छळत नाही हो, ताई. आहात का, एवढंच विचारतेय त्यांना."

आज बोट सरसर वर गेलं. सातवा सूर वाजला आणि तो थांबला. रोज इथंच गाडं अडे.

"अहो, एक राहिला की! शेवटचं 'एक'."

तिनं त्याचं बोट धरून एक घर पुढे नेलं आणि तार छेडली. सूर घरात आला.

"हाच ना? सांगा, हाच ना?"

त्यानं मान हलवली. नाही. बोट मागे घेतलं. "परत."

तिनं पुन्हा सरकवलं. "परत." आणखी एकदा. "परत." त्याचे डोळे भरून आले, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. चूक बोटाची नव्हतीच. त्याला ते घरच ओळखू येत नव्हतं. आणि हे काही उसवलेली शिवण नव्हे, टाका घालून मोकळं व्हायला. तिला अगदी हरल्यासारखं झालं.

"बरं बाबा, तुमचंच खरं."

तिनं त्याच्या बोटाखालचा सातवा सूर छेडला. त्याचा चेहरा निवळला, फत्ते झाल्यासारखा. त्यानं समाधानानं डोळे मिटले.

गिटार कोपऱ्यात ठेवून, उशी सारखी करून ती मागच्या खोलीत गेली. मशीनवर कुणाचा तरी अर्धा शर्ट पडला होता. तिनं तो पुढ्यात ओढला आणि नवऱ्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आठवा सूर गुणगुणला.