मासोळीचे तोंड

पेनड्राइव्हच्या भोकात ओवलेला कोसा रेशमाचा धागा ओला झाला होता. काल संध्याकाळी तो ओट्यावर कुणी ठेवला हे कीर्तीला आठवेना – आपणच ठेवला असणार – आणि आता पाण्याने गडद झालेला तो मधाच्या रंगाचा धागा ती दोन बोटांत धरून पिळत होती, तेवढ्यात कुकरची दुसरी शिट्टी झाली. सहा वाजून दहा मिनिटे. नळ साडेपाचला आला होता आणि सहाला गेला होता. दोन पिंपे भरून झाली होती. बाबांची रक्तदाबाची गोळी बशीत काढून ठेवली होती. आतल्या खोलीतून वस्तऱ्याचा थांबत-थांबत येणारा आवाज ऐकू येत होता. तीन वर्षांपूर्वी लकव्याने उजवा हात गेला तेव्हापासून बाबा डाव्या हाताने दाढी करत, आणि सदऱ्याची बटणेही स्वतःच लावत – सात मिनिटे लागत – फक्त गळ्याचे बटण तेवढे उघडे ठेवून ते दारात येऊन उभे राहत. मागत नसत. ती लावून देई. त्याबद्दल दोघेही कधी बोलले नव्हते.

आज बटण लावताना ते म्हणाले, "सुरू झाली का... मशीन?"

"नाही बाबा. आज पाहते."

त्यांनी मान हलवली. शब्द त्यांना आता एकेक करून शोधावे लागत. म्हणून ते थोडे बोलत आणि जे बोलत त्याचे वजन पडे. हेमराज मास्तर – तुमसरच्या आयटीआयत तीस वर्षे वायरमनची मुले घडवलेला माणूस – पूर्वी इतका बोले, की आई हयात असताना म्हणायची, यांचा स्विच कुठे आहे ते तरी सांगा.

मोहाडीच्या विणकर संस्थेचा हॉल घरापासून दीड किलोमीटरवर. स्कूटरवर बाबा मागे बसले, डावा हात तिच्या खांद्यावर. कीर्तीच्या पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये शुक्रवारी आलेले पत्र. नागपूरच्या कंपनीचे. पहिल्या तारखेला रुजू व्हायचे, आणि होकार की नकार ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचे. हे तिने कुणालाही सांगितले नव्हते. खांद्यावरच्या हाताचे वजन तिला आज नेहमीपेक्षा जास्त वाटले, की ते नेहमी एवढेच असते आणि आपणच आज ते मोजत आहोत...

हॉलमध्ये चार माग. त्यांतल्या खिडकीजवळच्या मागाच्या डोक्यावर बाबांनी आठ वर्षांपूर्वी बसवलेली पेटी होती – काठाचे आणि पदराचे कोणते धागे कधी उचलायचे ते पूर्वी भोकांचे पुठ्ठे सांगत, आता संगणक सांगे. पेटीतला बोर्ड त्यांनी घरी बनवला होता. आणि संगणकाने त्या बोर्डाशी बोलावे म्हणून लागणारे मॉड्यूल – संगणकाच्या गाभ्याला, कर्नलला, जोडला जाणारा छोटासा प्रोग्राम – तेही त्यांनीच लिहिले होते, साठाव्या वर्षी, पुस्तक पुढ्यात ठेवून. संगणक सुरू होताना पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत, त्यांत क्षणभर त्या मॉड्यूलचे, म्हणजे बाबांचेच, नाव चमकून जाई. बाबा अजूनही रोज दहाला येऊन खुर्चीवर बसत ते त्या एका ओळीसाठी, असे कीर्तीला कधीकधी वाटे.

काल दुपारी संगणक बंद करून पुन्हा लावला, तेव्हापासून तो त्याच ओळीवर थांबला होता. बाबांच्या मॉड्यूलचे नाव, आणि त्यापुढे काहीच नाही.

"या मास्तर," कुसुमताई मागावरून न उठताच म्हणाल्या. संस्थेतल्या त्या सगळ्यांत जुन्या विणकर. खिडकीजवळचा माग त्यांचाच. "तुमची पोरगी कालपासून त्या डब्यासमोर बसून आहे. मी माह्या नवऱ्यासमोर इतका वेळ नाही बसली कधी."

"म्हणून... तो टिकला," बाबा म्हणाले.

कुसुमताई हसल्या. पण त्यांचा हात मागावरच्या अर्ध्या विणलेल्या पदरावरून फिरत होता. मासोळ्यांची एक रांग पुरी झाली होती, दुसरीची पोटे तेवढी निघाली होती. "कीर्ती, आजची रात बी असाच राहिला तर इथं रेघ पडन हो. कोसा थांबलेला विसरत नाही. गिऱ्हाईक बोट ठेवून दाखवते – बाई, इथं तू उठली होती."

"होईन ताई. दुपारपर्यंत."

ती बसली. यंत्र सुरू करताना एक कळ दाबून धरली की यादी येते – नवा कर्नल, जुना कर्नल – हे तिला काल संध्याकाळीही ठाऊक होते. जुना निवडला तर सगळे सुरळीत चालेल हेही. बाबांचे मॉड्यूल जुन्या कर्नलच्या मापाचे होते. तीन वर्षे तिने कर्नल हलू दिला नव्हता. बाकी सगळे अद्ययावत होई आणि गाभा तेवढा जागच्या जागी बांधून ठेवलेला – एका छोट्याशा आज्ञेने, जी फक्त तिला माहीत होती. म्हणजे काल संध्याकाळी पाच मिनिटांत काम झाले असते. मग मी घरी का गेले? पेनड्राइव्ह घेऊन, डोके दुखते म्हणून...

तिने आत्ता जुना कर्नल निवडला नाही. नवाच निवडला, आणि सुरुवातीच्या ओळीच्या शेवटी एक शब्द जोडला – हे एक मॉड्यूल या वेळेपुरते घेऊ नकोस. ओळी धावल्या. बाबांचे नाव आले नाही. अठरा सेकंदांत पडद्यावर रोजचा निळा रंग आला; संगणक सुरू झाला होता.

इतके सोपे होते.

नोंदी उघडून तिने कारण शोधले, म्हणजे मनातल्या मनात जे कळले होते ते डोळ्यांनी पाहिले. बाबांच्या बोर्डावरची चिप बाजारात मिळणारी, साधी. नव्या कर्नलला ती आता स्वतःच ओळखता येई. तो आधीच तिचा ताबा घेई. मग बाबांचे मॉड्यूल येई, चिप गुंतलेली पाही, आणि ती मोकळी होण्याची वाट बघत उभे राही. थांबण्याला त्यांनी मर्यादाच घातली नव्हती. त्याच्यामागे बाकी सगळे खोळंबून राही.

आणि कर्नल नवा कसा झाला? तेही नोंदीत होते. शुक्रवार, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे: बांधलेला गाभा सोडला. तिचेच नाव. पत्र तीन वाजता आले होते.

त्या दुपारी आपण काय विचार करत होतो ते आठवायचा ती प्रामाणिकपणे प्रयत्न करू लागली. हॉलमधल्या दुसऱ्या मागावर विणकर रुपा नव्या साडीचा उभ्या धाग्यांचा ताणा लावत होती, आजही लावत होती – जुन्या ताण्याची शेपटे फणीत तशीच ठेवून प्रत्येक शेपटाला नवा धागा पीळ देऊन जोडत, हजारो वेळा, मान न उचलता. तिच्याकडे बघत असताना बोटांनी ती आज्ञा लिहिली. चुकून लिहिली असे म्हणता येणार नाही. जाणूनबुजून म्हणावे, तर आपल्याला नक्की काय जाणवले होते? बाबांच्या गोळ्या शेजारच्या शकुनबाई आत्याने दिल्या असत्या. जेवण तर अधूनमधून तिच्याकडूनच येई. गळ्याचे बटणसुद्धा कुणीही लावले असते – असते का? पण हा संगणक, दुसऱ्या कुणाला न कळणारी ती एक गाठ... ती गाठ आहे तोवर मला जाता येत नाही, असे मी तीन वर्षे स्वतःला सांगत आले. आणि गाठ तर मीच मारली होती.

मॉड्यूलचा मूळ मजकूर तिने पेनड्राइव्हवरून उघडला. ती तो पूर्वी वरवर वाचत आली होती, दुसऱ्याची डायरी वाचावी तशी, संकोचाने. आज ओळीमागून ओळ. बाबांचे लेखन त्यांच्या बोलण्यासारखे ऐसपैस, जागोजागी टिपा. शेवटाकडे एक छोटे आवर्तन होते, बोर्डाकडे जाणारा प्रत्येक क्रम उलटा करणारे – शेवटचा आकडा पहिला, पहिला शेवटचा. त्याच्यावर टीप: "बोर्ड पालथा धरून सोल्डरचे डाग दिले. चूक माझी. सध्या इथेच सुधारली आहे."

सध्या. आठ वर्षांपूर्वीची तारीख.

तिला तो दिवस आठवला. ती तेव्हा सुटीवर आली होती. संस्थेत माणसे जमली होती, पेढे आणले होते, आणि पहिली मासोळी उलट्या तोंडाची निघाली – काठाकडे जायची ती पदराच्या मध्याकडे चाललेली. कुणीतरी हसले. बाबा म्हणाले, उद्या पाहू, यंत्र नवे आहे. दुसऱ्या दिवशी मासोळी सरळ झाली. सगळ्यांना वाटले त्यांनी तारा नव्याने डागल्या. त्यांनी तर पेटीला हातही लावला नव्हता... कोष्ट्याच्या, विणकराच्या घरात वाढलेला माणूस. मागावर पदराची वीण उलट्या अंगाने वर असते, खरे अंग खाली. डोळ्यांना सवयच उलटीची. डागताना त्यांनी डावे-उजवे विणकराच्या बाजूने धरले असणार. त्यांना मान खाली घालावी लागेल अशी ती चूकच नव्हती. पण पेटीचे चार स्क्रू काढायचे, तर ते सगळ्यांपुढे काढावे लागले असते.

तिने मान वळवली. बाबा खुर्चीत होते, पडद्याकडेच बघत होते. किती वेळ, कुणास ठाऊक. चष्मा लावलेला होता.

आता दोन वाटा होत्या. चित्र पाठवणाऱ्या प्रोग्रामात आजकाल आरशाची खूण मिळते. ती निवडली की मासोळी पुन्हा सरळ, कुणालाही काही न कळता. बाबांची चूक एका जागेहून दुसऱ्या जागी लपवायची, आणि ती जागा पुन्हा फक्त कीर्तीला ठाऊक. पुन्हा गाठ. दुसरी वाट म्हणजे पेटी उघडून बोर्डच सरळ करायचा, सगळ्यांपुढे.

"बाबा," ती म्हणाली, तिच्या आवाजाने तिला स्वतःलाच आश्चर्य वाटले इतका तो साधा होता, "तुमचं मॉड्यूल मी बंद करून राहिली. नव्या कर्नलले त्याची गरज नाही पडत."

वस्तऱ्यासारखा तो थांबत-थांबत येणारा श्वास. मग बाबा म्हणाले, "मासोळी... उलटी येईन."

"हो."

"वाचलं तू."

"आत्ताच."

कुसुमताईंचे हात थांबले होते. "काय उलटी येईन, मास्तर?"

बाबांनी शब्द शोधले. कीर्तीला ते सहज पुरवता आले असते. तिने ते त्यांचे त्यांना शोधू दिले. "बोर्ड... पालथा डागला. मीच. तवा... प्रोग्रामात फिरवलं."

"तवापासून?"

"आठ वर्षं."

कुसुमताईंनी एकदा पेटीकडे पाहिले, एकदा पदराकडे. "आन् मी लोकायले सांगत राहिली, मास्तरानं रातभर जागून तारा बदलवल्या. माह्या सासूनं तुमच्या नावानं नारळ फोडला होता. वापस द्या आता तो नारळ."

रुपा फणीवर वाकून हसली. बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू आधी हसली. उजवी तिच्यामागून, उशिराने, जेमतेम. त्यांनी डावा हात उचलून पेटीकडे दाखवला. "चार स्क्रू. पालथा कर. पिना... दोन्हीकडून निघतात."

"म्हणजे तेव्हापण..."

"तवापण," ते म्हणाले.

कीर्ती स्टुलावर चढली. खाली बाबांनी डाव्या तळव्याची ओंजळ केली आणि तिने काढलेला प्रत्येक स्क्रू त्या ओंजळीत टाकला – एक, दोन, तीन, चार. आठ वर्षांची धूळ मऊ, तिच्यात कोशाचे बारीक तंतू मिसळलेले. बोर्डाच्या पाठीवरचे डाग मात्र अजून चकाकत होते, एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे. इतके सुबक काम तिच्या हातून कधी झाले नव्हते. तिने तो पालथा केला – की सुलटा – आणि केबल पलीकडून खोचली. स्क्रू परत देताना बाबांची बोटे तिच्या बोटांना लागली. गार होती.

मग ती खाली उतरून बसली, आणि एका ओळीची फाइल लिहिली, जिच्यामुळे ते मॉड्यूल यापुढे कधीच उचलले जाणार नव्हते. आज्ञेतला शब्द ब्लॅकलिस्ट असा होता; तो बाबांच्या प्रोग्रामाच्या नावाआधी लिहिताना तिचे बोट क्षणभर अडले, पण दुसरा शब्द त्या यंत्राला कळत नव्हता. बाबांचा मूळ मजकूर तिने संस्थेच्या फोल्डरमध्ये टिपेसकट जपून ठेवला. चित्र पाठवणाऱ्या प्रोग्रामात पोर्टचे नाव बदलले. संगणक बंद केला.

"रुपा, तू ये. हे बटण दाब."

"मी? मले काय समजते त्यातलं?"

"काहीच नाही समजावं लागत आता. दाब."

रुपाने हात ओढणीला पुसून दाबले. ओळी धावल्या – कीर्तीचे हात मांडीवर होते – कुठेच न थांबता धावल्या, आणि जिथे बाबांचे नाव चमकायचे तिथून पुढे निघून गेल्या. बाबा ते बघत होते. तिने त्यांच्याकडे बघणे टाळले, मग टाळले नाही. त्यांचा चेहरा शांत होता. त्यात काय होते ते तिला वाचता आले नाही, आणि सगळे वाचता यायलाच हवे असे आज तिला वाटले नाही.

कुसुमताईंनी पायाखालचा पायटा दाबला. पेटी खडखडली. दहा-बारा धोटे गेले, आणि त्यांनी पदराखाली आरसा धरून खरे अंग पाहिले. "चालली काठाकडे," त्या म्हणाल्या. रेघ पडली की नाही, हे त्यांनी सांगितले नाही. बोट मात्र तिथे एकदा फिरवले.

संस्थेच्या वहीत कीर्तीने अर्धे पान लिहिले – यंत्र कसे लावायचे, पेटीतला बोर्ड कुठल्या अंगाने असतो आणि का. 'का' लिहिताना तिने बाबांना विचारले, लिहू? त्यांनी होकाराची मान हलवली. मग पायऱ्यांवर येऊन तिने फोन काढला. भंडाऱ्याकडे जाणारी एसटी वळणावर थांबून माणसे घेत होती. होकाराचा दोन ओळींचा मजकूर तिने एकदा वाचला, पाठवला, आणि फोन पर्समध्ये पेनड्राइव्हजवळ ठेवला. धागा वाळला होता. पुन्हा त्याच फिकट मधाच्या रंगाचा झाला होता.

आत मागाचा ठेका लागला होता. आत जाऊन बाबांना सांगायचे होते. ते आज सांगायचे की उद्या बटण लावताना, हे तिने ठरवले नव्हते. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. खांद्यावर, जिथे सकाळी त्यांचा हात होता, तिथे आता काहीच नव्हते, आणि तरी ती जागा तिला नेमकी कळत होती.